जागेचा आवाज

मेघनाचा कान नको इतका चांगला होता. शेजारच्या फ्लॅटमधला कुकर शिट्टी व्हायच्या आधी जो एक हलका सुस्कारा टाकतो, तो तिला आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. नवरा खोटं बोलायच्या आधी घशातल्या घशात आवंढा गिळतो, तोही यायचा. असा कान घरात असून सुख नाही, पण नोकरी मात्र त्याच्यावर मिळाली होती. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर पाच माणसांची एक कंपनी होती. बालवाडीतल्या मुलांसाठी कंप्युटरवरचे खेळ बनवणारी. तिथलं आवाजाचं सगळं काम मेघनाकडे होतं.

सध्या चाललेल्या खेळाचं नाव होतं ‘कोणाचं बाळ कोण?’ पडद्यावर एक प्राणी येतो, आपल्या आवाजात हाक मारतो. खाली चार पिल्लं उभी असतात. मुलाने बरोबर पिल्लू बोटाने ओढून आईपाशी नेलं की टाळ्या वाजतात आणि पुढचा प्राणी येतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एवढं पुष्कळ झालं.

हा खेळ मेघनाच्या वाट्याला आला यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. कंपनीचा मालक साईनाथ भला माणूस होता, फक्त त्याला आपल्या कामापुढे दुसऱ्याचं काही दिसायचं नाही. ती रजेवरून परत आली, त्याने चहा मागवला, तब्येत विचारली आणि पिल्लांची यादी पुढे ठेवली.

पाच महिन्यांपूर्वी, आठव्या महिन्यातच, मेघनाला कल्याणच्या एका हॉस्पिटलात घाईघाईने ऑपरेशनला घेतलं होतं. ती नीट शुद्धीवर आली तो तिसरा दिवस. मुलगी होती, एवढं कळलं. रडली का, असं तिने नर्सला विचारलं, तर नर्सने सलाइनची नळी सारखी केली. रवींद्र, तिचा नवरा, खिडकीकडे बघत म्हणाला, “झालं सगळं व्यवस्थित.” सासूबाई, गंगुबाई, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “बघितलं नाहीस तेच बरं झालं, पोरी. तोंड बघितलं की माणूस अडकून पडतं.”

बाळ नव्हतं, पण अंगावर दूध आलं होतं. ते डॉक्टरांनी गोळ्या देऊन थांबवलं. बाकीचं घरच्यांनी थांबवलं. पाळण्याची दोरी, झबली, तिने आणून ठेवलेला खुळखुळा, सगळं ती डोंबिवलीला घरी यायच्या आत नाहीसं झालं होतं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे कुठेतरी जागा होती. डोंबिवली ते कल्याण, खाडी ते नदी, कुठेतरी हातभर जागा होती आणि ती आईला माहीत नव्हती. तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा घर असं काही गप्प झालं की तिलाच अपराध्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. प्रेमाने माणसं एकेकदा इतकं क्रूर वागतात की शत्रूलाही सुचू नये.

खेळात कुत्री झाली, मांजर झाली, शेळी झाली. गायीपाशी घोडं अडलं. साईनाथला सगळे आवाज इथले हवे होते. तयार मिळणारी गाय ऐकून तो म्हणाला, “ही परदेशातली वाटते. आपल्या पोरांना आपली गाय पाहिजे. जा, एक गोठा गाठ.”

गोठा होता. रवींद्रचे मामा, दगडूमामा, जुन्नरकडून येऊन शहाडला उल्हास नदीच्या काठी तबेला चालवायचे. गेले काही महिने रवींद्र दर रविवारी सकाळी तिथे जाऊन किटलीभर दूध आणायचा. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आणि घरी यायचा तीन तासांनी. गंगुबाई ते दूध तापवून मेघनाला समोर बसवून पाजायच्या. पण आवाज घ्यायला शहाडला जाते म्हटल्यावर रवींद्रने आवंढा गिळला.

“तिथे कशाला? तिथे सगळ्या म्हशी. कळव्यात बघ ना, नाहीतर भिवंडीला.”

“गाय आहे एक. मामींनी सांगितलं फोनवर.”

“लांब पडेल तुला.”

“तुला दर रविवारी पडत नाही लांब?” ती म्हणाली. तो मोजे शोधायला आत गेला आणि बराच वेळ शोधत बसला.

शनिवारी दुपारी ती गेली. दगडूमामा तिला बघून दचकलेच. खाट पुढच्या अंगणात ओढून म्हणाले, “हितंच बस, बाय. मागं जाऊ नको, लई चिखल हाय.” मार्च महिना होता. कुठला चिखल, असं तिच्या मनात आलं, पण गोठ्यात पाणी सांडतंच, म्हणून तिने सोडून दिलं.

गाय एकच होती, तांबडी, घरच्या दुधासाठी ठेवलेली. तिच्यासमोर वासरू उभं होतं. मेघना जवळ गेली. वासरू हलत नव्हतं. पायांच्या जागी काठ्या होत्या, पोटावर सुतळीचे टाके होते आणि टाक्यांतून पेंढा बाहेर आला होता. पाठीवरचे केस चाटून चाटून गेले होते.

“नऊ दिवस झाले वासरू गेलं त्याला,” कलावतीमामी म्हणाल्या. “पान्हा चोराया लागली. मग ह्यांनी कातडं भरून घेतलं. ते म्होरं ठिवलं की देती दूध.”

“तिला कळत नाही?”

“कळतंय की. वास घेती, थांबती, मग चाटती. काय करील मग?”

मेघनाने आवाज टिपायचं यंत्र काढलं, हेडफोन चढवला. आवाज घेण्याआधी माइकमध्ये तीन गोष्टी सांगायच्या हा तिचा नेम: जागा, वार आणि कोणाचा आवाज. नाहीतर शंभर फायलींत कुठली मैना कुठली हे कळत नाही. “शहाड, दगडूमामांचा गोठा. शनिवार. गाय,” ती म्हणाली आणि थांबली. पाऊण तास थांबली. गाय वासराला चाटत राहिली. तिला हाक मारायची गरजच नव्हती.

“मामा,” शेवटी मेघना म्हणाली, “ते वासरू जरा बाजूला न्याल का? पाचच मिनिटं.”

हे आपल्याच तोंडातून निघालं, यावर तिचा पुढे कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. मामांनी तिच्याकडे एकदा बघितलं, वासरू काखेत उचललं आणि बाहेर नेलं.

गायीने मान वर केली. मग ती पूर्ण वळली, दाव्याला ताण देऊन मागच्या भिंतीकडे तोंड केलं, आणि हंबरली. अकरा वेळा. दर खेपेला थोडं लांब, आणि प्रत्येक हाकेनंतर कान टवकारून थांबायची. मेघना यंत्राच्या पट्टीवर नजर ठेवून उभी होती. आवाज उत्तम आला. सांगायला लाज वाटावी इतका उत्तम आला.

मग राहिला जागेचा आवाज. हा तिचा दुसरा नेम. प्राण्याचं घेऊन झालं की यंत्र तसंच चालू ठेवायचं आणि दोन मिनिटं बाजूला व्हायचं, कोणी बोलायचं नाही. रिकाम्या जागेलाही आपला आवाज असतो: पत्रा तापल्याचा, माश्यांचा, लांबच्या रस्त्याचा. हाकेच्या खाली तो अंथरला नाही तर हाक कापून चिकटवल्यासारखी वाटते. मुलांना ते सांगता येत नाही, पण खोटं आहे हे त्यांना कळतं. मेघनाने यंत्र गव्हाणीवर ठेवलं, दोघांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. परत आली तेव्हा मामा-मामी वासरू जागेवर उभं करत होते. गाय त्याचा वास घेत होती. थांबली, मग चाटायला लागली.

ऑफिसात तिने ती फाईल उघडली आणि पहिल्याच हाकेला हेडफोन काढून ठेवला. पुढचं काम तिने ऐकलंच नाही. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. उंच उठली की हाक, सपाट पडली की शांतता. तिने सगळ्यात उंच हाक घेतली, सपाट भाग तिच्याखाली पसरला, आणि मोकळी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आवाज कानाने न ऐकता डोळ्यांनी कापला. ही तीच मेघना, जिने मागच्या खेळात चिमणीच्या चिवचिवाटामागे डेपोतल्या बाईची ‘मुरबाड गाडी फलाटावर लागत आहे’ ही घोषणा ऐकून सगळी चिमणी नव्याने घेतली होती. तेव्हा साईनाथ तिला म्हणाला होता, “मुरबाडला चिमण्या नसतात का?”

तिच्या कानात मात्र हाक राहिलीच. भांडी घासताना यायची, जिन्यात यायची. एकदा दुपारी सगळ्यांदेखत ती ताटावरून उठली आणि बाल्कनीत जाऊन खाली बघून आली. खाली रिक्षा उभ्या होत्या. गंगुबाईंनी आमटी पुन्हा गरम केली.

बुधवारी डोंबिवलीच्या एका बालवाडीत खेळाची चाचणी होती. ऋजुता नावाच्या बाई तिथे शिकवायच्या. बारा मुलं, बारा पडदे, बारा हेडफोन. कोंबडी आली, पोरांनी पिल्लं ओढली, टाळ्या वाजल्या. शेळीपाशी एकाने बेडूक नेऊन ठेवला आणि सगळे खिदळले. मग गाय आली.

खोलीतला कलकलाट कमी होत गेला. ज्यांनी झटकन वासरू ओढलं ते पुढे गेले. पण जी मुलं जरा रेंगाळली, ती रेंगाळलीच. बोट पडद्याजवळ नेऊन थांबायची, डोकं एका बाजूला कलतं करायची. एक मुलगा वाकून टेबलाखाली बघून आला. दुसऱ्याने हेडफोन काढून मागे वळून बघितलं, कोणी नाही म्हणून पुन्हा घातला.

“मघाशी काय हुशारीने करत होती सगळी,” ऋजुताबाई पुटपुटल्या. “आता काय झालं यांना? अगं कल्पिता, चल की पुढे!”

कल्पिता साडेचार वर्षांची, दोन वेण्यांची. दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानांवर दाबून ती भिंतीसारखी बसली होती. मेघना तिच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली.

“वासरू ओळखतेस ना?”

“हो.”

“मग दे ना तिला.”

“थांब,” कल्पिता म्हणाली. “आजोबा बोलतायत.”

“कोणते आजोबा?”

“गायीतले.”

“काय बोलतायत?”

कल्पिताने डोळे मिटले आणि आवाज जाड केला. “‘तिकडं जाऊ देऊ नगंस तिला. लेकराची जागा हाय तिथं.’”

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली ती पोर. तिच्या तोंडून दगडूमामांचा तो ‘हाय’ जसाच्या तसा उमटला. मेघनाने हळूच तिचा हेडफोन काढून आपल्या कानांना लावला.

गाय हंबरली. मग जागेचा आवाज सुरू झाला, कोणी उत्तर देईपर्यंत फिरत राहणारा: माश्या, पत्रा, दाव्याची कडी. आणि त्यांच्या खाली, अगदी तळाशी, दबक्या आवाजात, मामा. कल्पिताने सांगितलं तेच, शब्दशः.

लेकरू म्हणजे वासरू असेल, तिने स्वतःला सांगितलं. मामा जनावरांना लेकरंच म्हणतात. तेवढ्यात मामींचा आवाज आला. “रवीनं सांगितलंच न्हाई व्हय तिला आजून?” आणि मग पुन्हा मामा: “दर रईवारी येऊन बसतंय पोरगं तिथं, आन् आईला ठाव न्हाई. ही गाय बी तिकडंच तोंड करून वरडती.”

पुन्हा गाय हंबरली. पुन्हा माश्या, पत्रा, कडी. मेघनाने ते चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा कल्पिताने तिचं मनगट धरून म्हटलं, “आता माझा नंबर.”

तिने साईनाथला फोन करून गाय काढून टाकायला सांगितली. तो ‘अगं पण’ म्हणेपर्यंत फोन बंद केला. दुसरा फोन रवींद्रला, एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात. “मी शहाडला चाललेय,” ती म्हणाली. “गोठ्याच्या मागे. यायचं असेल तर ये.”

पलीकडे यंत्रं धडधडत होती. आवंढा ऐकू आला नाही. या खेपेला त्याने तो गिळला नसावा. “एकटी जाऊ नको,” तो म्हणाला. “मी निघतोच.”

ती एकटी गेली नाही. मागे चार पावलांवर जागा होती, तरी गेली नाही. गायीपाशी बसून राहिली. मामा खाटेवर मान खाली घालून बसले होते. मामींनी पाणी आणलं, पदर डोळ्यांना लावला, आत गेल्या. गायीने पेंढ्याच्या वासराचा वास घेतला. थांबली. “चुकले गं,” मेघना तिला म्हणाली. गाय चाटायला लागली.

रवींद्र कारखान्याच्या निळ्या कपड्यांत तसाच आला, अंगाला औषधांचा उग्र वास. त्याला बघताच तिचा बांध फुटला.

“पाच महिने, रवी! दर रविवारी! इथून दूध नेऊन मला पाजत होतास! दुधावर काय बोललास इतके दिवस, ताजं आहे, पातळ आहे? आणि मी पीत होते!”

“आई म्हणाली, काही दिवस जाऊ देत.” तो म्हणाला. “मग ते दिवस कधी संपले तेच कळेना. एकदा नाही सांगितलं की मग रोजच नाही सांगता येत, मेघना. त्या रात्री कल्याणात माझं दुसरं कोण होतं? मामा आले, म्हणाले, माझ्याकडे घेऊन चल, आपल्या जागेत राहील.”

“तू बघितलंस तिला?”

“हो.”

“कशी होती?”

त्याने दोन्ही हात पुढे करून लांबी दाखवली. हात तसेच हवेत राहिले. “एवढी. डोक्यावर खूप केस. कान तुझ्यासारखे.”

मेघनाने आपल्या कानाला हात लावला आणि तिथेच, शेणामातीत, खाली बसली. रडली, मोठ्याने, म्हशी माना वळवून बघायला लागेपर्यंत. पाच महिन्यांचं होतं ते.

मग ते दोघं मागे गेले. चिखल नव्हता. नदीकडे उतरत गेलेली कोरडी जमीन, एक उंबर, त्याखाली गोल मांडलेले दगड. मध्ये झेंडूचं रोप, बुंध्याशी ओलं. पलीकडे दुसरी माती, ताजी, जरा मोठी, ती वासराची. त्या दोन्हींच्या आणि गायीच्या मध्ये फक्त गोठ्याची भिंत होती.

मेघनाने दगडांना हात लावून बघितला. ऊन होते. बराच वेळ तिने हात तिथेच ठेवला. मग पिशवी पुढे ओढली आणि यंत्र काढलं. तिने हेडफोन चढवला, माइक दगडांच्या मधोमध धरला.

“शहाड,” ती म्हणाली. “गोठ्याची मागची बाजू. बुधवार.”

तिसरी गोष्ट राहिली होती. ती अडली. माइक तसाच धरून तिने रवींद्रकडे बघितलं.

“कोणाचा म्हणून सांगू? नाव काय हिचं?”

“माती लोटताना मामांनी विचारलं होतं,” तो म्हणाला. “म्हणाले, नावाशिवाय कसं ठेवायचं लेकरू. मी म्हटलं, माया.”

“माया,” मेघनाने माइकमध्ये सांगितलं, आणि तोंडावर बोट ठेवलं.

उंबराची पानं हलत होती. पुलावरून गाडी गेली. रवींद्रचा श्वास अडकत होता, तोही येत होता. मग भिंतीपलीकडून गाय हंबरली, लांब, आणि थांबली.

“तिचा आवाज आला ना मध्ये?” रवींद्र कुजबुजला. “परत घ्यावं लागेल?”

तिने नकारार्थी मान हलवली. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली. दोन मिनिटं झाली. तीन झाली. मेघनाने यंत्र बंद केलं नाही.